बरणीतलं दगडफूल, फांदीवरचं दगडफूल

मे महिन्यात लालबागच्या डंकांवर मसाला कुटला जातो, तेव्हा धणे, मिरच्या, नागकेशर यांच्या जोडीला मूठभर दगडफूलही पडतं. मरोळ-गोराईच्या ईस्ट इंडियन घरांतल्या बॉटल मसाल्यात ते असतं, गोड्या मसाल्याला तर हवंच. कोरडं असताना वास जेमतेम. तेलात परतलं की धुरकट, मातकट दरवळ सुटतो. आयुर्वेदात त्याला शैलेय म्हणतात. हिमालयातल्या ओकच्या खोडांवरून उतरवलेला माल रामनगर-टनकपूरच्या बाजारांतून देशभर जातो.

पिढ्यानपिढ्या ते खाणाऱ्या उपनगरांच्या स्वतःच्या झाडांवरही त्याची भावंडं वाढतात, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं.

दगडफूल हे लायकेन. लायकेन म्हणजे एकमेकांच्या आधाराने जगणारी बुरशी आणि शैवल. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनरने १८६० च्या दशकात हे मांडलं, तेव्हा बड्या अभ्यासकांनी त्याला उडवून लावलं. विल्यम निलांडर त्यांतलाच. तरीही ओळख पटवण्याची साधनं दिली ती निलांडरनेच: कॉस्टिक पोटॅशचा किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि रंग बदलतो का ते पाहायचं. शहराची हवा बिघडली की लायकेन नाहीशी होतात, हेही त्याने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेवरून दाखवलं.

महाराष्ट्रात लायकेन ओळखण्याचं काम पुण्याने उचललं. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतली लायकेन गोळा केली, तपासली, नावानिशी नोंदवली. या चिकाटीची दखल मराठी वाचकाने घ्यायलाच हवी.

उपनगरांतल्या झाडांच्या शेंड्याकडची लायकेन एरवी दिसत नाहीत. ती खाली येतात पडलेल्या काटकीबरोबर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं काही उचलायचं नसतं, तिथे नुसतं वाकून पाहावं. रस्त्याकडेला मात्र पावसाळ्याआधी पालिकेने छाटलेल्या फांद्यांचे ढीग असतातच. आंब्याच्या सालीवर भिंग धरलं की पांढुरक्या पापुद्र्यावर मोडी अक्षरांसारख्या काळ्या वळणदार रेघा दिसतात, ते ग्राफिस. सालीला घट्ट चिकटलेली, मधे पिठूळ, राखाडी चकती बहुधा पिक्सिन कोकोस. अतिनील दिव्याखाली ती पिवळी चमकते. वाहनांच्या धुरातही ती तग धरते, म्हणून भारतातल्या शहरांत हवेतले धातू मोजायला संशोधक तिचाच उपयोग करतात. मुलुंडच्या डोंगराकडची एक फांदी आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरची एक, अशा शेजारी ठेवून दोन्हींवरच्या जाती मोजायला शाळकरी मुलांनाही जमेल.