कौल आणि करार : एका जोडशब्दाची दोन अंगे

व्यापारी व्यवहारात ‘करार’ हा शब्द इतका रुळला आहे की, त्याचे परकेपण सहसा ध्यानी येत नाही. मूळ अरबी शब्दाचा धात्वर्थ ‘स्थिर होणे’ असा असून तो फारसीच्या द्वारे मराठीत आला. ‘मुक्रर’ व ‘इकरार’ हे शब्दही त्याच धातूचे होत. मराठीत ‘ठरणे’ या क्रियापदावरून ‘ठराव’ सिद्ध झाला. तेथेही अर्थविकासाची वाट हीच दिसते.

जुन्या कागदपत्रांत ‘कौलकरार’ असा जोडशब्द आढळतो. ‘कौल’ म्हणजे उच्चारलेले वचन. हे दोन शब्द समानार्थी भासतात. परंतु त्यांची क्रियापदे भिन्न आहेत. कौल दिला वा घेतला जातो. करार उभयपक्षी केला जातो. कौल देणारा समर्थ, घेणारा आश्रयार्थी. ओसाड गाव वसविण्यास रयतेला, पेठ भरविण्यास शेटे-महाजनांना अभयाचा व सवलतीचा कौल मिळे. कोकणात देवाला ‘कौल लावतात’, त्यातही हाच भाव आहे.

हा भेद राजकीय इतिहासातही प्रत्ययास येतो. इ. स. १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झिंडन व्यापारी सवलतींची कलमे घेऊन रायगडावर आला. किनाऱ्यास लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल परत मिळावा, ही मागणी कोकणच्या रिवाजाविरुद्ध म्हणून मान्य झाली नाही. त्या वेळी कंपनी मागणारी होती. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाने कंपनीशी तह केला व तैनाती फौजेच्या खर्चासाठी २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. कलमांची भाषा उभयपक्षी कराराची होती. वस्तुतः अभय देणारी कंपनी होती व घेणारा पेशवा. रूप कराराचे, आशय कौलाचा, असे ते वर्तन होय.

इ. स. १८७२ च्या कायद्याने, जो करार कायद्याने अंमलात आणता येतो, तोच ‘संविदा’ मानला. संमती स्वेच्छेची असावी, ती जबरदस्तीने वा अनुचित दडपणाने मिळविलेली नसावी, असेही त्यात सांगितले आहे. दुर्बलाने नाइलाजाने घेतलेल्या कौलास करार म्हणता येत नाही, हा भेद मराठीने या दोन शब्दांच्या क्रियापदांतच जपून ठेवला आहे.