चौकटीवरच्या रेघा

पनवेलचे आमचे जुने घर पाडायला निघाले, तेव्हा माजघराच्या दाराची चौकट मी मागून घेतली. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघांच्या दोन रांगा आहेत. दर पाडव्याला आई आम्हां दोघा भावांना तिथे उभे करी आणि डोक्यावर पट्टी ठेवून खूण करी. माझी रांग वर चढत गेलेली दिसते. धाकट्याची आठव्या वर्षानंतर अडखळते. पुढच्या चार रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या आहेत. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. ‘अशी मुलं बुटकीच राहतात,’ असे सगळे सांगत, डॉक्टरही. तो बारा वर्षांचा असताना एका तरुण डॉक्टरने त्याचे रक्त तपासणीसाठी मुंबईला पाठवले आणि थायरॉइड मंदावल्याचे कळले. रोजची एक गोळी सुरू झाली आणि रेघा पुन्हा वर सरकू लागल्या.

मी वैद्यकाचा अभ्यासक नाही; नोकरी सांभाळून वाचत आलेला माणूस. पण त्या चार रेघांनी पाठ सोडली नाही. या मुलांना आजवर कोणी मोजले आणि कशासाठी, हे मी शोधू लागलो.

सुरुवात इंग्लंडात झाली. सरे परगण्यातल्या अर्ल्सवुड आश्रमाचे अधीक्षक जॉन लँग्डन डाऊन यांनी तिथल्या रहिवाशांची डोकी मोजली, छायाचित्रे काढली आणि १८६६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांचे वंशवार गट पाडण्याचा तो काळ. डाऊन यांनी या मुलांना ‘मंगोल’ गटात टाकले. त्याच निबंधात त्यांनी हेही नोंदवले, की या मुलांचे रक्ताभिसरण मंद असते आणि जिभेच्या व्यायामाने त्यांचे बोलणे पुष्कळ सुधारते. निरीक्षणे बरीचशी खरी होती. पण टिकले ते चुकीचे नाव. १९६१ मध्ये १९ तज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून ते बदलण्याची मागणी केली. १९६५ मध्ये खुद्द मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे हरकत घेतली. तरी माझ्या भावाच्या १९७४ सालच्या केसपेपरवर तोच शब्द आहे.

कारण सापडले १९५९ मध्ये, पॅरिसमध्ये. मार्थ गोतिये यांनी पेशी वाढवण्याचे तंत्र तिथे उभे केले आणि ४६ऐवजी ४७ गुणसूत्रे दिसली. एकविसावे गुणसूत्र एक जास्त. शोधनिबंधात पहिले नाव जेरोम लेजून यांचे होते, गोतियेबाईंचे दुसरे आणि तेही चुकीच्या अक्षरांत छापलेले. या शोधाने कोडे सुटले, पण एक सोयीचे उत्तरही हाती आले. मूल वाढत नाही, दमते, सुस्तावते, तर बोट त्या गुणसूत्राकडे.

आकडे मात्र वेगळेच सांगतात. ब्रिटनमध्ये १९२९ साली या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान ९ वर्षे होते, १९४९ मध्ये १२. आज प्रगत देशांत ते साठीच्या घरात आहे. गुणसूत्रे तीच राहिली. प्रतिजैविके आली, हृदयशस्त्रक्रिया होऊ लागल्या (सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो) आणि मुले आश्रमांऐवजी घरी वाढू लागली.

उंची-वजनाचेही तसेच. अमेरिकेत १९८८ मध्ये या मुलांसाठी स्वतंत्र वाढतक्ते प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी ६३७ जणांना मोजून नवे तक्ते केले. तीन वर्षांखालच्या मुलांचे वजन पूर्वीपेक्षा चांगले भरले, मुलगे अधिक उंच निघाले. ही मुले इतरांपेक्षा बुटकी असतात हे खरे. पण किती बुटकी, हे सगळेच जन्मतः ठरलेले नसते.

आपल्याकडे आधी शाळा आली. १९४४ मध्ये मुंबईत जय वकील आणि होरमसजी वकील यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी, दीनासाठी, राहत्या घरी वर्ग सुरू केला. पुढे मुंबई, दिल्ली आणि बडोदा इथे ९४,०००हून अधिक नवजात बालके तपासली गेली. सुमारे १,१५० जन्मांमागे एक, असे प्रमाण निघाले. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरला झाली, आणि तपासायच्या ३० स्थितींच्या यादीत डाऊन सिंड्रोमला जागा मिळाली.

तरी अंगणवाडीच्या तक्त्यावर असे मूल रेघेखालीच पडते. मग एक तर त्याला कुपोषित ठरवून भरवत राहतात. पुढे लठ्ठपणाकडे झुकणाऱ्या मुलाला ते बाधते. नाही तर ‘यांचं असंच असतं’ म्हणून सोडून देतात. स्वतंत्र तक्ता जवळ असला तर फरक कळतो. नसला तरी थायरॉइडची तपासणी जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाने आणि नंतर दरवर्षी करता येते. आमच्या घरात त्या एका तपासणीवाचून चार वर्षे गेली.

भाऊ आता ५१ वर्षांचा आहे. तक्ते विसाव्या वर्षी संपतात. अल्झायमरशी संबंधित एक जनुक एकविसाव्याच गुणसूत्रावर असते, त्यामुळे या व्यक्तींना स्मृतिभ्रंश लवकर गाठतो, हे वाचल्यापासून मी दुसरीच मोजणी करतो. रोज संध्याकाळी तो वडाळे तलावापर्यंत एकटा जाऊन परत येतो. घरचे वळण चुकले का, हे मी वहीत लिहून ठेवतो. उद्या एखादे वळण चुकलेच, तर ‘आता वय झालं’ असे म्हणण्याआधी त्याचे रक्त तपासून घेणार आहे.