चिंधी, चीवर आणि गोधडी

मराठी ललित वाङ्मयात गोधडी आली की ती बहुधा आजीच्या मायेची ऊब घेऊन येते. ती मऊ असते, तिला जुन्या लुगड्यांचा वास असतो आणि ती पांघरून लेखक आपल्या बालपणात शिरतो. ही गोधडी खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण ती ज्या घरातली आहे त्या घरात लुगडी जुनी होत होती, म्हणजे आधी ती नवी येत होती. ज्या माणसांच्या अंगावर काय असावे हे दुसऱ्यांनी ठरवले, त्यांच्या गोधडीचा इतिहास वेगळा आहे. तो मायेपासून सुरू होत नाही, दंडकापासून सुरू होतो. त्याची मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि घरी गोधड्या शिवते, इतरांना शिवायला शिकवते. ही दोन कामे मला वेगळी वाटत नाहीत.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी आज्ञा आहे. भांडी फुटकी, दागिने लोखंडाचे आणि वस्त्रे प्रेतावरची. महाराष्ट्राच्या गावगाड्यात हीच आज्ञा ‘हक्क’ या गोंडस नावाने नांदली. मढ्यावरचे कापड हा महारांचा हक्क गणला गेला. जे कापड कोणी घरात घेणार नाही ते मिळणे हा ज्यांचा हक्क, त्यांची पायरी कोणती हे वेगळे सांगावे लागत नव्हते. कापड हीच जातीची पाटी होती.

म्हणूनच महाडची घटना कापडाच्याही इतिहासातली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाका, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण ते स्वच्छ असू द्या, असे त्यांनी सांगितले. पोथी जाळणे आणि नेसण बदलणे हा एकाच लढ्याचा भाग होता. आमच्या आज्यांनी पहिली गोष्ट ऐकली आणि दुसरी अंगावर घेतली.

आता याच कापडाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंच्या चीवरांविषयी एक सबंध प्रकरण आहे. उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून जे चीवर होते त्याला पांसुकूल म्हणतात. पांसु म्हणजे धूळ. पुढे गृहस्थांनी दिलेले कापड घेण्याची मुभा मिळाली, तरी पांसुकूलाचा मान राहिला. त्याच प्रकरणात मगधातील शेतांचा प्रसंग आहे. बांधांनी आखलेली चौकोनी शेते दाखवून बुद्धांनी आनंदाला विचारले, अशा आकाराची चीवरे करता येतील का? आनंदाने तुकडे बेतून तशी चीवरे केली आणि बुद्धांनी त्याच्या बुद्धीची तारीफ केली. ठिगळांच्या कामात बुद्धी लागते, हे आपल्याकडे इतक्या जुन्या काळी नोंदले गेले आहे.

स्मशानातले कापड मनूच्या आज्ञेत आहे आणि संघाच्या नियमातही आहे. मग फरक कशात? फरक निवडीत आहे. एकीकडे ते जन्मावरून लादलेले आहे. दुसरीकडे शाक्य कुळातला राजपुत्र आणि उपाली न्हावी दोघेही तेच पांघरू शकतात, म्हणून ते उतरंड मोडते. विसाव्या शतकात परीट कुळात जन्मलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, चिंध्यांचा पेहराव केला. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. तो पेहराव कोणी लादला नव्हता, म्हणून तो घालून ते भल्याभल्यांना खडसावू शकत होते.

आमच्या गोराईत हा सगळा इतिहास हाताच्या अंतरावर मांडून ठेवल्यासारखा आहे. खाडीपलीकडे कोळी आणि ईस्ट इंडियन यांची जुनी गावे. तिकडेच २००९ साली उद्घाटन झालेला विपश्यना पॅगोडा, त्याचा सोनेरी कळस आमच्या गच्चीवरून दिसतो. खाडीअलीकडे, बोरिवलीच्या बाजूला, १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने आखलेल्या छोट्या प्लॉटांची वसाहत. आणि त्याच काठावर गोराईचे डम्पिंग ग्राउंड. मुंबईचा कचरा तेथे २००७ अखेरपर्यंत पडत होता, पुढे तो डोंगर शास्त्रीय पद्धतीने झाकण्यात आला. कचऱ्यातून चिंध्या, कागद, भंगार वेचणाऱ्या बायका कोणत्या जातींच्या होत्या, हे कोणाला विचारावे लागत नाही. मुंबईच्या बोलीत ‘चिंधी’ ही आजही शिवी आहे.

गोधडी हा ऐतिहासिक पुरावा आहे. तिची रीत अशी: खाली जुने लुगडे पसरायचे, कडा दगडांनी दाबायच्या, त्यावर चिंध्यांचे थर नीट बसवायचे आणि वर दुसरे लुगडे. मग कडेपासून धावदोरा घालीत चौकोनात फिरत मध्याकडे यायचे. विरलेली गोधडी फेकत नाहीत, तिच्याच वर नवे कापड घालून पुन्हा शिवतात. त्यामुळे जुनी गोधडी नवीच्या पोटात राहते, उत्खननातल्या थरांसारखी. माझ्या आईची एक गोधडी, तिला ती वाकळ म्हणते, मी कडेने थोडी उसवून पाहिली. तळाशी गावाकडचे नऊवारी होते. त्यावर धान्याच्या पोत्याचे तागाचे तुकडे होते. ते १९७२ च्या दुष्काळातले, कारण त्याच वर्षी आमचे घर मुंबईला आले. त्यावर कंट्रोलचे सुती कापड, आणि सर्वांत वर नायलॉनची साडी आणि तयार कपड्यांच्या कारखान्यातली टेरिकॉटची कतरण. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि सुती कापडाची जागा या घाम न शोषणाऱ्या, सुईखाली सरकणाऱ्या कापडाने घेतली. दुष्काळ, स्थलांतर, गिरणी आणि संप हे चारही थर आमच्या एका पांघरुणात आहेत. असे दप्तर कोणत्याही अभिलेखागारात नाही.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा आपण अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीकडे पाहिले, त्यांच्या कविता वाचल्या. त्यांच्या गोधड्यांकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने बायबलमधील प्रसंग कापडाच्या आकृत्यांनी गोधडीवर मांडले. १८८६ साली अथेन्स या तिच्या गावच्या कापूस-मेळ्यात ती गोधडी झळकली. एका गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेने ती मागितली, हॅरिएटने नकार दिला. पुढे गरिबीने गाठले तेव्हा दहा डॉलर मागून पाचावर ती द्यावी लागली. त्यानंतर आपली गोधडी पाहायला ती अनेकदा त्या बाईंच्या घरी गेली. आज ती गोधडी स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

अलाबामातील जीज बेंड गावाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील काळे लोक मतदानाचा हक्क मागू लागले तेव्हा, १९६२ साली, तालुक्याच्या गावाला जाणारी होडीसेवाच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. १९६६ मध्ये त्या परिसरातील बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या त्यांच्या गोधड्या भिंतींवर लागल्या आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली. पण २००७ साली त्यांतल्याच काही बायकांना मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. भिंतीवर मान मिळाला म्हणून हिशेब मिटत नाही.

फेथ रिंगगोल्ड ही न्यूयॉर्कच्या शाळांत चित्रकला शिकवणारी चित्रकार. १९८० साली शिवणकाम करणाऱ्या आपल्या आईबरोबर तिने पहिली गोधडी केली, पुढे कापडावर शब्द लिहून कथा सांगणाऱ्या गोधड्या केल्या. ती २०२४ साली वारली. तिने आईला कलेची गुरू म्हटले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे ऊर्मिला पवारांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हे आईच्या विणकामाचे नाव दिले, ते याच जातीचे पाऊल होते. आणि आफ्रिकेचा धागा काही फक्त समुद्रापार नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणारे सिद्दी आफ्रिकी वंशाचे आहेत. त्यांच्या बायका कवंदी शिवतात, तीही आमच्यासारखीच कडेपासून मध्याकडे. कोपऱ्यांवर त्रिकोणी फुले लावल्याशिवाय ती त्यांच्या लेखी पुरी होत नाही.

गोराईत रविवारी दुपारी आम्ही दहा-बारा जणी शिवायला बसतो. निम्म्या माझ्या विद्यार्थिनी आहेत, निम्म्या शेजारच्या मावश्या. टाका मावश्या शिकवतात, मी प्रश्न विचारायला शिकवते: कापड कोणाचे, कुठून आले, कोणी शिवले, त्याचे काय मिळाले? या वर्गाला विरोधही झाला. वस्तीतला एक शिकलेला तरुण म्हणाला, “ताई, बाबासाहेबांनी आपल्याला चिंध्यांतून बाहेर काढलं आणि तुम्ही पुन्हा मुलींच्या हातात चिंध्या देता?” हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. शहरात प्रदर्शनांतून गोधड्या ‘वारसा’ म्हणून महाग विकल्या जातात. शिवणारीला नगावर मजुरी मिळते आणि तिचे नाव कुठेच नसते. अशा धंद्यासाठी मुली तयार करायच्या असतील तर तो तरुण बरोबर आहे.

म्हणून आमच्याकडे दोन नियम आहेत. गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीने आपले नाव आणि साल टाक्यांत घालायचे. आणि विकायची असेल तर आधी तास मोजायचे, मग किंमत सांगायची. जन्मभर अंगठा देत आलेल्या एका मावशींनी आपले नाव पहिल्यांदा लिहिले ते सुईने. तास मोजले तेव्हा विद्यार्थिनी गप्प झाल्या, कारण इतके तास त्यांच्या आयांनी फुकट दिले आहेत हे त्यांनी पहिल्यांदाच आकड्यांत पाहिले.

बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती लादलेली चिंधी. नाव नसलेले, मोल नसलेले, नकार देण्याची सोय नसलेले काम त्यांनी सोडायला सांगितले. कापडाचा तुकडा हातात घेऊन त्याला बुद्धीने आकार देणे म्हणजे ती गुलामी नव्हे. ते आनंदाचे काम आहे. पण नाव, मोल आणि नकाराचा हक्क ही तीन अंगे त्याला असली पाहिजेत. यातले एक जरी गेले तरी चीवराची पुन्हा चिंधी होते. दलित साहित्याने शब्दांच्या बाबतीत ही लढाई केली आहे. सुईच्या बाबतीत ती अजून व्हायची आहे, आणि ती ज्यांच्या हातात सुई आहे त्यांनीच करायची आहे.