लोंगेवाला : विमानातून रणगाड्यावर नेम किती लागतो?

ठाणे ते कल्याण हे रेल्वेचं सुमारे २० किलोमीटर अंतर ताशी ८०० किलोमीटर वेगाचं विमान दीड मिनिटात कापतं. या वेगात झेपावताना जेमतेम सहा मीटर लांबीच्या रणगाड्यावर नेम धरायला वैमानिकाला मिळतात मोजके सेकंद.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या टायफून विमानांनी एका चाचणीत उघड्यावर उभ्या असलेल्या पँथर रणगाड्यावर ६४ रॉकेट्स डागली. लागली फक्त ३! ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समधल्या मोर्तेनजवळ दोस्तांच्या वैमानिकांनी २०० हून अधिक रणगाडे टिपल्याचे दावे केले. नंतरच्या पाहणीत जर्मन रणगाडे आणि तोफगाडे मिळून ४६ सापडले, त्यांपैकी विमानांचे बळी ९. धुरात आणि धुळीत एकच रणगाडा अनेकांच्या हिशेबात जातो.

मग १९७१ मध्ये लोंगेवालात काय वेगळं घडलं? जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने पहाटेपर्यंत चौकी लढवली. ५ डिसेंबरला उजाडलं तेव्हा समोर उघडं वाळवंट होतं. आडोसा नाही, आकाशात पाकिस्तानी विमान नाही. त्यामुळे हंटर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारू शकली. रॉकेट हुकलं तरी ३० मिलिमीटरच्या तोफा होत्याच, आणि रणगाड्याचं चिलखत वरून पातळच असतं. जीव वाचवायला रणगाडे गोल गोल फिरले. वाळूतल्या त्या चाकोऱ्यांचे हवाई फोटो आजही शेअर होतात.

'बॉर्डर' (१९९७) पाहिलेल्यांना मात्र जमिनीवरची लढाईच जास्त आठवते. पण 'सगळे रणगाडे विमानांनीच उडवले' ही पोस्टही चुकीची. काही चौकीच्या माऱ्यात गेले, काही वाळूत रुतून तसेच सोडून दिले गेले.