वाडीची माणसे

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना बढतीची पाळी त्यांची होती आणि ती जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला, ही हकीकत त्यांच्याविषयी लिहिणारे बहुधा एका वाक्यात उरकतात. परंतु पुढे आपल्या कारखान्यात माणसे नेमताना त्यांनी जी दृष्टी ठेवली, तिचे मूळ मला याच प्रसंगात दिसते. विद्या होती, हातात कसब होते. नव्हता तो केवळ चालकांना आपलासा वाटावा असा जन्म. त्यापूर्वी जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकण्यास गेले असता रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून तोही मार्ग त्यांना सोडावा लागला होता. असा दोन ठिकाणी अपात्र ठरलेला मनुष्य बेळगावात येऊन सायकली विकू लागला आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडवू लागला, ज्या नांगराला, लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीपायी, पहिली दोन वर्षे गिऱ्हाईकच मिळेना.

बेळगावची जागा नगरपालिकेने मोकळी करावयास लावली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले, आणि १९१० च्या मार्च महिन्यात निवडुंगाने व्यापलेल्या, सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर पुढे किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्धीस आलेल्या वस्तीची सुरुवात झाली. अशा माळावर येऊन राहण्यास शहरातला तरबेज कारागीर सहजासहजी कसा तयार व्हावा? येथे येणाऱ्याला नुसती नोकरी धरावयाची नव्हती. बायकामुलांसह बिऱ्हाड करावयाचे होते, आणि ज्यांच्या शेजारी दिवसभर काम करावयाचे त्यांच्याच शेजारी संध्याकाळही काढावयाची होती. त्यामुळे माणसाला काय येते याइतकाच, तो कसा आहे हा प्रश्न लक्ष्मणरावांना महत्त्वाचा वाटला असल्यास नवल नाही.

त्यांनी जमविलेला परिवार पाहिला म्हणजे आजच्या कोणत्याही नेमणूक-समितीने त्यातील किती जणांना उंबऱ्याच्या आत घेतले असते याची मला शंका वाटते. बंधू रामुअण्णा यांनी वस्तीची आखणी आणि कारभार हाती घेतला; शंभुराव जांभेकर यंत्रांपासून पडेल त्या कामापर्यंत सर्वत्र हजर; मंगेशराव रेगे यांच्याकडे हिशेबाचे दफ्तर. परीक्षेत अपयश आलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापनाचा भार वाहू लागले, आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर पुढे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावाजले. रात्रीच्या पहाऱ्यावर तर शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली गेली. ज्याच्यावर सर्वांचा अविश्वास, त्याच्याच हाती किल्ल्या सोपवाव्या आणि त्या विश्वासाला तो जागेल अशी खात्री बाळगावी, हे धैर्य सामान्य नव्हे. आणि याच औंध संस्थानात पुढे स्वतंत्रपूर येथे भिंतींवाचूनचा तुरुंग उभा राहिला, हा योगायोग असला तरी मनात घर करून राहतो.

या सर्व नेमणुकांचे मर्म मला असे वाटते, की जागेला आधीच जुळणारा मनुष्य लक्ष्मणरावांनी शोधलाच नाही. दुसरीकडे कोठे न जुळलेला मनुष्य घेतला आणि कामाने त्याला व त्याने कामाला घडवावे एवढा अवसर दिला. वस्तीत अस्पृश्यतेला थारा नव्हता, हेही याच वृत्तीचे अंग. मात्र अशा वस्तीची एक किंमतही असते: घर, शेजार आणि रोजगार ही तिन्ही एकाच मालकाच्या छायेत असली म्हणजे ज्याचे मालकाशी पटत नाही त्याला केवळ नोकरी नव्हे, गावच सोडावे लागते.

नेमणुकीची दुसरी तऱ्हा पाहायची तर, त्याच काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत, जेथे १९२० नंतरच्या दशकात सुमारे दीड लाख माणसे राबत होती, भरतीचा मामला जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हाती होता. तो आपल्या गावचा, आपल्या नात्याचा, आपल्या जातीचा मनुष्य आणी, त्याच्याकडून दस्तुरी, म्हणजे दलाली, घेई आणि त्याच्या वर्तणुकीची हमीही देई. रत्नागिरीहून बोटीने उतरलेल्या पोराला चाळीतली पथारी, खानावळीतले जेवण आणि खात्यातले काम एकाच ओळखीच्या धाग्याने मिळे, आणि परक्या शहरात हा आधार थोडा नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु जुळणीच्या याच नियमाचे दुसरे रूप विणकामाच्या खात्यात दिसे. कांडी बदलताना धोट्यातून धागा ओढून घेण्यास तो तोंडाने ओढावा लागे, आणि ज्या धोट्याला आपले तोंड लागायचे त्याला अस्पृश्याचे तोंड लागू नये, एवढ्या कारणास्तव अधिक मजुरीचे हे खाते दलित कामगारांना बंद होते. १९२८ च्या प्रदीर्घ संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा मालकांच्या अन्यायाविरुद्ध उभ्या ठाकलेल्या पुढाऱ्यांनाही आपल्याच सोबत्यांच्या या अन्यायाविषयी बोलणे जड गेले. एकमेकांत मिसळून गेलेल्या, एकमेकांसाठी उपाशी राहण्यास सिद्ध असलेल्या माणसांचे ते खाते होते. त्याचा एकोपा खरा होता, आणि त्या एकोप्याच्या बाहेर कोणाला ठेवायचे तेही पक्के ठरलेले होते.

वाडीचा मार्ग गिरणगावाला चालण्यासारखा नव्हता. एका मनुष्याची नजर कितीही पारखी असली तरी ती दीड लाख चेहऱ्यांवरून कशी फिरणार? म्हणून १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांसाठी, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरते घेतल्या जाणाऱ्यांसाठी, कार्डांची पद्धत सुरू केली: महिन्याच्या आरंभी ठराविक माणसांना कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर राहावयाचे आणि रिकाम्या जागा आधी त्यांना मिळावयाच्या. जॉबरचे वजन त्याने एकदम नाहीसे झाले नाही. या कोरड्या कागदी व्यवस्थेत लक्ष्मणरावांच्या विश्वासाची ऊब नाही. पण ज्याचा कोणी गाववाला नाही, ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही आणि ज्याच्यात काही विशेष पाहणारा लक्ष्मणरावही ज्याला भेटलेला नाही, अशा मनुष्याला कामावर हक्क सांगण्याची थोडीशी सोय तिने केली, आणि म्हणून वाडीवर माझे मन जडलेले असूनही मी त्या कार्डाला कमी लेखू शकत नाही.