चिल्ला संपल्यावर तिला कोण विचारतं?

कुर्डुवाडी असो की आसपासचं खेडं, बाळंतिणीचे पहिले चाळीस दिवस ठरलेले असतात. हिंदू घरात त्याला सव्वा महिना म्हणतात, मुस्लिम घरात चिल्ला. नावं वेगळी, शेक-शेगडी, तेलाची मालिश, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मात्र सारखेच. हनफी फिकहनुसार निफासची कमाल मुदतही चाळीस दिवसांचीच. त्या काळात तिला नमाज माफ असते, रोजे नंतर धरता येतात. चाळिसाव्या दिवशी न्हाणं झालं की ती पुन्हा चुलीशी उभी राहते.

शरीराची एवढी काळजी घेणाऱ्या या रिवाजात मनाची विचारपूस राहून गेली. बाळ झाल्यावर जिला रडू आवरत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, तिच्याबद्दल घरात तीनच गोष्टी बोलल्या जातात: हवा लागली, नजर लागली, नाहीतर नखरे करते. पहिल्या आठवड्यातलं रडवेलेपण बहुतेकींना येतं आणि आपोआप जातं. पण तेच दोन आठवड्यांच्या पुढे टिकलं, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर ऐकून घेणं आणि बोलणं हाही इलाज आहे, हे कळायला जगाला बराच काळ लागला.

या इतिहासाचं एक पान कुर्डुवाडीपासून पन्नासेक किलोमीटरवर, पंढरपुरात आहे. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीची छोटी गाडी सुरू झाली आणि १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. त्याच्याही तीस वर्षं आधी, १८७५ मध्ये, पंढरपूरच्या न्यायालयातले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी प्रार्थना समाजाच्या साथीने तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात असं गृह उघडलं होतं. काशीबाई नावाच्या विधवेने बदनामीच्या भीतीने आपल्या बाळाला मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीरावांनी १८८४ च्या आपल्या टिपणात तिची हकिगत नोंदवून ठेवली आहे.

काशीबाईला आजार होता असं म्हणायला आधार नाही. तिच्यावर संकट आलं होतं ते समाजाचं. पण या दोन्ही गृहांनी एक गोष्ट मान्य केली: बाळंतीण टोकाला जाते तेव्हा तिला शिक्षेच्या आधी आसरा लागतो. इंग्लंडच्या कायद्याने १९२२ मध्ये स्वतंत्र तरतूद करून मान्य केलं, की प्रसूतीमुळे आईच्या मनाचा तोल जाऊ शकतो. आपल्या फौजदारी कायद्यात अशी वेगळी तरतूद आजही नाही.

वैद्यकाची वाट निराळी होती. १८५८ मध्ये पॅरिसच्या लुई व्हिक्टर मार्से या डॉक्टरने गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या मानसिक आजारांवर अख्खा ग्रंथ लिहिला. आणि बाळंतिणींचा विषय नसला तरी मनाच्या दुखण्याचा विचार मुस्लिम जगात त्याच्या कितीतरी आधी झाला होता. अबू झैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी दुःखाचे दोन प्रकार सांगितले. एकाचं कारण माणसाला ठाऊक असतं. दुसऱ्याचं कारण सापडत नाही आणि त्याचं मूळ शरीरात असतं. पहिल्यावर समजुतीचे बोल, दुसऱ्यावर शरीराचा इलाजही. सूरह मरियममध्ये प्रसूतीच्या कळांत मरण बरं वाटणाऱ्या मरियमला कुणी दोष देत नाही. तिला धीर दिला जातो, पाणी आणि खजूर दिले जातात. दुआ जरूर करावी, पण तावीज बांधून घरी बसवणं म्हणजे इलाज, असं हा वारसा सांगत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा आजार मोजायचं साधं साधन मिळालं. १९८७ मध्ये एडिनबरा येथे दहा प्रश्नांची यादी तयार झाली. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच भीती वाटली का, स्वतःला इजा करावीशी वाटली का, असे ते प्रश्न. दोन वर्षांनी तिथल्याच संशोधकांनी घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण दिलं. त्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, आईचं फक्त ऐकून घेतलं. या बायकांपैकी ६९ टक्के बऱ्या झाल्या. नेहमीचीच देखरेख मिळालेल्यांपैकी ३८ टक्के.

आपल्याकडची स्थिती २००२ मध्ये गोव्याच्या अभ्यासातून पुढे आली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिनसलेलं नातं होतं आणि मुलगी झाल्याचा ताणही होता. मग २००८ मध्ये पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या खेड्यांचा निकाल आला. तिथे गावातल्याच आरोग्यसेविकांनी घरी जाऊन नैराश्यातल्या मातांशी ठरवून बोलणं ठेवलं. सहा महिन्यांनी त्यांतल्या २३ टक्के आजारी उरल्या. ज्यांच्याकडे सेविका नुसत्याच जात होत्या, त्यांत ५३ टक्के. नंतर गोव्यात हेच काम शेजारपाजारच्या साध्या बायकांनी केलं. त्यांना नाव दिलं होतं ‘सखी’. फायदा माफकच दिसला, पण दिसला.

सहा ते आठ आठवडे, हा आकडा इथे पुन्हा पाहावा. आपला चिल्ला संपतो त्याच सुमाराचा तो काळ. मालिश थांबते, माहेरची माणसं परततात, लेक सासरी जाते. जिचा नवरा रेल्वेत रात्रपाळीला आहे, ती तर बाळासोबत एकटीच. नेमकी तेव्हाच तिच्याकडे पाहणारी नजर कमी होते.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. दवाखान्यात प्रसूती झाली, तरी ४२ दिवसांत आशाताईने सहा वेळा घरी यायचं असतं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. ती बाळाचं वजन करते, ताप पाहते, दुधाचं विचारते. त्यात आईला एकटीला बसवून एक प्रश्न वाढवायचा: तुझं मन कसं आहे? सासूसमोर विचारलं तर उत्तर ‘बरंय’ असंच येणार. आशाताईला त्याचं प्रशिक्षण आणि त्या वेळेचा मोबदला मात्र मिळायला हवा.

बाईला भास होत असतील, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचा विचार येत असेल, तर नुसतं बोलून भागणार नाही. तिला एकटी न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. ‘बाळ हिरावून घेतील’ या भीतीने बायका गप्प राहतात. त्यांना सांगावं, की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडता येत नाही. मूल धोक्यात असेल तेवढाच अपवाद. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

चाळीस दिवस जपण्याचा रिवाज चांगलाच आहे. तो चाळिसाव्या दिवशी संपवायचं मात्र कारण नाही.