तिरामिसू आणि वारणाकांठचा चक्का

खुंटीला टांगलेलें पांढरें फडकें आणि त्यांतून थेंबथेंब गळणारें पाणी, हें दृश्य मराठी घराला नवें नाहीं. सणाच्या आदल्या रात्रीं दह्याचें गांठोडें असें टांगलें, कीं सकाळीं चक्का तयार होतो. इटलींतल्या लोंबार्दी प्रांतांतही मलई ऊन करून, तींत लिंबासारखें आंबट घालून, ती अशीच फडक्यांत निथळत ठेवण्याची रीत आहे. तिला मास्करपोने म्हणतात. जगभर आवडीनें खाल्लें जाणारें तिरामिसू हें पक्वान्न या मलईच्या आणि कॉफींत भिजविलेल्या बिस्किटांच्या थरांनीं बनतें.

तिरामिसू जुनें वाटतें, पण तें अर्वाचीन आहे. १९७० च्या सुमारास त्रेवीझो शहरांतील ‘ले बेक्केरीए’ या उपाहारगृहांत तें तयार झालें, असें सामान्यतः मानतात. मालकीणबाई आल्बा काम्पेओल आणि आचारी रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांना त्याचें श्रेय दिलें जातें. शेजारच्या फ्रिउली प्रांताचा दावा त्याहून जुना आहे. २०१७ सालीं इटलीच्या कृषिखात्यानें पारंपरिक पदार्थांच्या यादींत तिरामिसू फ्रिउलीच्या नांवें नोंदविलें, तेव्हां त्रेवीझोकडील मंडळी फार रागावलीं. परंतु या वादापूर्वींच त्या भागांतील घरोघरीं अंड्याचा बलक साखरेबरोबर फेंसून अशक्तांना व बाळंतिणींना देत असत. तिरामिसूचा अर्थच ‘मला वर उचल’ असा आहे. आपल्याकडील डिंकाच्या लाडवांसारखें हें औषधी खाणें प्रथम कोणी केलें, याची नोंद कोणत्याही खात्यांत नाहीं.

चक्क्याचेंही तसेंच आहे. बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत निथळलेल्या दह्याची व साखरेची शिखरिणी वर्णिली आहे; पण राजाच्या मुदपाकखान्यांत ती कोणाकडून आली, हें ग्रंथ सांगत नाहीं.

आधुनिक काळांत या चक्क्याला मोठें घर लाभलें तें कोल्हापूर जिल्ह्यांतील वारणानगरास. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानें तेथें प्रथम सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९६८ सालीं दूध उत्पादकांचा सहकारी संघ निघाला. एकाच नदीकांठीं साखर आणि दूध एकत्र आलीं. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षां पुष्कळ अधिक असल्यामुळें चक्का दाट उतरतो. घरच्या खुंटीवरील गांठोड्याचें काम यंत्रें करूं लागलीं आणि वारणेचें श्रीखंड मुंबई-पुण्याच्या घरांत पोंचलें. त्रेवीझोंत भांडण शोधाच्या मानाचें होतें. वारणेंत चक्क्याचा शोध लावल्याचें कोणी म्हटलें नाहीं, परंतु त्याच्या उत्पन्नांत गोठ्यांतल्या माणसाचा वांटा ठरला.

याच चक्क्यावर घरीं तिरामिसू साधतें. अगदीं गोड दह्याचा चक्का घ्यावा. आंबट असेल तर कॉफीशीं त्याचें जमत नाहीं. चक्का आणि फेंसलेली घट्ट मलई समभाग घेऊन पिठीसाखर मिसळावी. चक्का स्वतःच घट्ट असल्यानें अंडें वगळलें तरी चालतें. कडक, बिनदुधाची कॉफी पूर्ण निववावी. लांबट स्पंज बिस्किटें, तीं न मिळाल्यास शिळ्या केकच्या पट्ट्या, तींत क्षणभरच बुडवाव्या. अधिक वेळ ठेविल्यास त्यांचा लगदा होतो. बिस्किटें, वर चक्का, पुन्हां बिस्किटें, पुन्हां चक्का असे थर रचून रात्रभर थंडाव्यांत ठेवावे आणि वाढतांना कोको भुरभुरावा. थोडें जायफळ किसून घातलें, तर मराठी कॉफीची ओळखही त्यांत उतरते.

त्रेवीझोचा आचारी याला तिरामिसू म्हणेल कीं नाहीं, सांगवत नाहीं. मात्र फडक्यांतून निथळून पडलेलें पाणी त्याच्या आणि वारणाकांठच्या आजीच्या स्वयंपाकघरांत सारखेंच राखून ठेवण्याजोगें आहे. तें कणीक भिजवावयास चांगलें.